लीडरशिपमध्ये एम.ए. केलं म्हणजे नेमकं काय शिकलात?

पदवीचा कागद घरी आला त्या आठवड्यात बंदरावर मला निदान दहा जणांनी हा प्रश्न विचारला. एका नाखव्याने सरळच म्हटलं, "पुढारी व्हायला पण आता कॉलेज निघालं काय?" दुसऱ्याला वाटलं मी सिस्टर होणार, कारण विद्यापीठ ख्रिस्ती होतं. उभ्या उभ्या मला धड उत्तर देता आलं नाही. लिलाव चालू होता आणि विषय लांबलचक. म्हणून आता बसून लिहिते आहे. आमच्या वसईच्या पट्ट्यापासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जे कोणी शाळा, पतपेढी, मच्छीमार सोसायटी, महिला मंडळ किंवा धर्मग्रामाचं (पॅरिशचं) काम सांभाळतात, आणि 'एम.ए. इन ऑर्गनायझेशनल लीडरशिप, ख्रिस्ती दृष्टिकोनातून' अशी जाहिरात वाचून ज्यांना अर्थबोध झाला नाही, त्यांच्यासाठी.

मी अकरा वर्षं एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयात काम केलं. डिझेल परताव्याचे कागद, बर्फाची विक्री, सभांची इतिवृत्तं. त्यातला एक ठराव या लेखात सारखा येणार आहे, तो आधीच सांगते.

आमच्याकडे बोटींना बर्फाच्या अख्ख्या लाद्या जातात. मासळी विकायला बाजारात जाणाऱ्या बायकांना मात्र पाव लादी पुरते. पाव लादी फोडायची म्हणजे चुरा वाया जातो, सुट्ट्या पैशांची कटकट होते, सकाळी रांग लागते आणि त्या रांगेमुळे बोटींची भरणी खोळंबते. एका वार्षिक सभेत ठराव आला: यापुढे फक्त अख्खी लादी विकायची. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, टाळ्या झाल्या. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. सभागृहाच्या मागच्या दारात त्या वेळी आठ-दहा बायका टोपल्या कडेला ठेवून उभ्या होत्या. बोटी त्यांच्या नावावर नव्हत्या, म्हणून त्या सभासद नव्हत्या, म्हणून त्यांचे हात मोजण्याचा प्रश्नच नव्हता. 'सर्वानुमते' हा शब्द लिहिताना माझं पेन जरासुद्धा अडलं नाही.

ते का अडलं नाही, हे मला दोन वर्षांच्या अभ्यासाने दाखवलं.

नाखवा, तांडेल आणि चेअरमन

'नेतृत्व' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरे कपडे आणि बॅनर येतो. विद्यापीठात हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात, आणि कोळीवाड्यातल्या माणसाला तो चटकन कळेल. बोटीचा मालक तो नाखवा. समुद्रात बोट ज्याच्या शब्दावर चालते तो तांडेल. कधी दोघं एकच असतात, कधी नाखवा घरी असतो आणि तांडेल हिश्शावर. जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला तर कधी माघारी वळायचं, हे तांडेल ठरवतो. नवा खलाशी त्याच्या हालचाली बघत शिकतो, आणि काही वर्षांनी त्याच्यातून दुसरा तांडेल तयार होतो. मालकी एक गोष्ट, पद दुसरी, आणि माणसांना बरोबर घेऊन, त्यांना घडवत कुठेतरी पोचवणं ही तिसरी. ऑर्गनायझेशनल लीडरशिप हा या तिसऱ्या गोष्टीचा अभ्यास आहे. फरक एवढाच की बोटीवर सात-आठ माणसं असतात आणि शाळेत, रुग्णालयात, सोसायटीत शेकडो. तिथे तांडेलाचा डोळा सगळीकडे पोचत नाही, मग नियम, समित्या आणि सवयी त्याच्या जागी काम करतात. त्या सवयी कशा तयार होतात, कशा बिघडतात आणि कशा बदलता येतात, हा या विषयाचा गाभा.

एमबीएपेक्षा हे कसं वेगळं, असंही लोक विचारतात. एमबीएमध्ये बाजार, भांडवल, उत्पादन, विक्री यांवर भर असतो. इथे ताळेबंद वाचायला शिकवतात, पण मुख्य लक्ष माणसांवर: एकत्र काम करताना ती कशी वागतात, का भांडतात, का गप्प राहतात, बदलाला का विरोध करतात.

लोकांनी एखाद्याचं का ऐकावं? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी शंभर वर्षांपूर्वी याची तीन उत्तरं दिली. परंपरेमुळे, जसा खोताचा मुलगा खोत (कोकणात ती खोती १९४९च्या कायद्याने संपवली). नियमामुळे, जसा निवडून आलेला चेअरमन. आणि करिष्म्यामुळे. हा तिसरा शब्द आपण मराठीत सर्रास वापरतो, 'त्यांचा करिष्मा ओसरला' वगैरे. पण त्याचं मूळ फार कमी जणांना ठाऊक आहे. बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'खारिस' म्हणजे कृपा आणि 'खारिज्मा' म्हणजे कृपेने मिळालेलं दान. त्यातच प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की अशी दानं प्रत्येकाला मिळालेली आहेत आणि ती सगळ्यांच्या हितासाठी आहेत. वेबरने हा शब्द रुडॉल्फ झोम या चर्चच्या इतिहासकाराकडून उचलला, आणि तिथून तो एका माणसाच्या तेजाचा शब्द झाला. वर्गात हे ऐकलं तेव्हा मी वहीच्या समासात लिहून ठेवलं: 'सगळ्यांना वाटून दिलेली वस्तू एकाच्या नावावर कधी चढली?' आमच्या कितीतरी संस्थांची कथा यात आहे.

दोन वर्षांत शिकवतात काय

अमेरिकी पद्धतीच्या एम.ए.त साधारण तीस ते छत्तीस क्रेडिट असतात, नोकरी सांभाळून करणाऱ्याला दोन वर्षं लागतात. संघटनेतलं मानवी वर्तन, नीतिशास्त्र, संघर्ष कसा सोडवायचा, बदल कसा घडवायचा, संशोधनाच्या पद्धती, थोडं अर्थकारण, आणि शेवटी स्वतःच्या संस्थेतला एक खराखुरा प्रश्न घेऊन केलेला प्रकल्प. ख्रिस्ती विद्यापीठात याला बायबल आणि धर्मविचाराचे विषय जोडलेले असतात. माझे वर्ग पहाटे असायचे, कारण तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानात बंदरावरच्या इंजिनांचा आवाज. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्या दिवसांत तेवढी शांतता मिळायची, पण नेमकं तेव्हाच पावसाने नेटवर्क जायचं.

सगळे सिद्धांत सांगत बसत नाही. ज्यांनी माझ्या बर्फाच्या ठरावावर उजेड पाडला तेवढेच सांगते.

एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले. वरचा थर डोळ्यांना दिसतो: खुर्च्यांची मांडणी, फलक, कोण आधी बोलतो. मधला थर संस्था स्वतःबद्दल जे बोलते त्याचा: 'गरीब मच्छीमाराच्या उन्नतीसाठी'. आणि सगळ्यात खालचा थर म्हणजे जी गोष्ट इतकी मुरलेली असते की ती कोणी बोलूनच दाखवत नाही. आमच्या संस्थेत ती अशी होती: बोटवाल्याचा वेळ महाग, विकणारीचा वेळ फुकट. हे कुठल्याही ठरावात लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येक ठराव त्याच्यावरच उभा होता. शाइन म्हणतात ते खरं आहे, वरचे दोन थर बदलून काही होत नाही. फलक नवा रंगवला तरी रांगेत उभं कोण राहतं ते तसंच राहतं.

रोनाल्ड हायफेट्झ यांनी प्रश्नांचे दोन प्रकार पाडले. काही प्रश्न जाणकाराला बोलावून सुटतात: बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर बिघडला, मेकॅनिक आला, झालं. काही प्रश्नांत लोकांना स्वतःच्या सवयी, हक्क आणि समजुतीच बदलाव्या लागतात. तिथे बाहेरून आणलेला मेकॅनिक कामाचा नाही. मासळी घटते आहे, पोरं बोटीवर यायला तयार नाहीत, ही दुसऱ्या प्रकारातली दुखणी. त्यांच्या मते पुढाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला पहिल्या प्रकारचं औषध देणं. आम्ही नेमकं तेच केलं होतं. रांग हा खोळंब्याचा प्रश्न धरला आणि रांगच बंद केली. बंदरावर कोणाचं काम 'काम' म्हणून मोजायचं, या खऱ्या प्रश्नाला आम्ही हातच लावला नाही.

जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांचा १९७८ सालचा भेद तर आपल्या निवडणुका पाहणाऱ्या कोणालाही कळेल. एक नेतृत्व देवाणघेवाणीचं: तू मत दे, मी तुझं परताव्याचं काम करतो. दुसरं असं की ज्यात नेता आणि लोक दोघंही आधीपेक्षा वरच्या पातळीवर जातात. पहिलं वाईटच असतं असं नाही. सोसायटी रोज त्याच्यावरच चालते. पण फक्त तेवढंच असलं तर ज्याच्याकडे देण्यासारखं मत नाही, तो माणूस हिशेबातून गळतो.

मग ख्रिस्ती म्हणजे काय वेगळं?

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, वर्गाच्या सुरुवातीला प्रार्थना आणि शेवटी एखादं वचन, बाकी सगळा अभ्यास इतरांसारखाच. काही ठिकाणी खरंच तसं असेल, आणि तसं असेल तर त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. गांभीर्याने शिकवणाऱ्या ठिकाणी फरक पायातच असतो. माणूस म्हणजे काय, याबद्दल ख्रिस्ती श्रद्धा दोन गोष्टी एकदम सांगते. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. आणि प्रत्येक माणूस पापी आहे, घसरू शकतो, स्वतःला फसवू शकतो. व्यवस्थापनाच्या भाषेत आणलं तर पहिल्या वाक्याचा अर्थ: कोणालाही नुसतं साधन म्हणून वापरता येणार नाही, पाव लादी मागणारीलाही नाही. दुसऱ्याचा अर्थ: कोणाच्याही एकट्याच्या हातात किल्ली ठेवायची नाही, मग तो चेअरमन असो, मुख्याध्यापिका असो की फादर. मला वाटतं या दोन वाक्यांत अख्खा अभ्यासक्रम मावतो. फक्त पहिलं धरलं तर भाबडेपणा येतो, फक्त दुसरं धरलं तर सगळीकडे सीसीटीव्ही लागतात.

बायबलमधल्या गोष्टी अशा नजरेने वाचायला लागलं की त्या वेगळ्याच दिसतात. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसतो. त्याचा सासरा इथ्रो येतो, बघतो आणि सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायची व्यवस्था लागते. इथ्रो हा बाहेरचा माणूस, मिद्यानी लोकांचा याजक. त्याचा सल्ला मोशेने निमूट ऐकला हे मला व्यवस्थेपेक्षाही मोठं वाटतं. पुढे यहुद्यांचा पुढारी नहेम्या यरुशलेमची पडलेली तटबंदी बघायला रात्री, मोजकी माणसं घेऊन निघतो, गाजावाजा न करता. मग बऱ्याच कुटुंबांना आपापल्या घरासमोरचाच भाग बांधायला मिळतो. बावन्न दिवसांत तट पुरा होतो. पण मधल्या पाचव्या अध्यायाकडे लोक दुर्लक्ष करतात: काम चालू असतानाच गरिबांची तक्रार येते की कर्जापायी शेतं आणि पोरं गहाण पडली आहेत. नहेम्या बांधकामाच्या घाईतही सभा बोलावतो आणि सावकारी करणाऱ्या आपल्याच वरिष्ठांना जाब विचारतो. आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे: 'आधी काम होऊ दे, मग बघू.'

पुढच्या काळात हाच धागा चालत राहिला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यातल्या तिसऱ्या प्रकरणात तो म्हणतो की महत्त्वाचा निर्णय घेताना मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा सर्वांत धाकट्याला देव योग्य ते सुचवतो. निर्णय शेवटी मठाधिपतीचाच, पण ऐकल्यानंतरचा. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली सांगितलं की जे काम खालच्या छोट्या गटाला जमतं ते वरच्या मोठ्या संस्थेने हिसकावून घेऊ नये. कॅथॉलिक सामाजिक शिकवणीत हे तत्त्व पक्कं बसलेलं आहे, आणि सहकारी चळवळीत वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९१८ साली उभी केलेली सहकारी संस्था, आजची बॅसीन कॅथॉलिक बँक, ही हे तत्त्व कागदावर येण्याच्या आधीची गोष्ट आहे.

जेझुइट हा धर्मगुरूंचा संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोला यांची आत्मपरीक्षणाची सवयही त्या संघाच्या विद्यापीठांत नेतृत्वाचं साधन म्हणून शिकवतात. दुपारी आणि रात्री थोडं थांबून आजच्या दिवसाकडे बघायचं: कुठे मन मोकळं झालं, कुठे आक्रसलं. मी हे बर्फाच्या वहीशेजारी बसून करते. पाच-दहा मिनिटं पुरतात.

घंगाळ आणि टॉवेल

आता ज्या विषयाबद्दल मला मनापासून, आणि थोडं रागानेही, बोलायचं आहे तो.

या क्षेत्रात 'सर्व्हंट लीडरशिप', सेवक-नेतृत्व, हा शब्द सतत कानावर पडतो. तो रूढ केला रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी, १९७० साली. ते धर्मोपदेशक नव्हते. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेले अधिकारी होते, श्रद्धेने क्वेकर, म्हणजे एका साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे. त्यांची कसोटी सोपी आहे: ज्यांची सेवा केली जाते त्यांची माणूस म्हणून वाढ होते का? ते जास्त शहाणे, जास्त मोकळे, स्वतः सेवा करायला जास्त समर्थ होतात का? आणि समाजातल्या सर्वांत वंचिताचं काय होतं? कसोटी नेत्याच्या नम्रतेची नाही, हे नीट बघा. खालच्या माणसाचं काय झालं, ते मोजायचं.

ख्रिस्ती माणसाला हे ऐकताच योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आठवतो: येशू जेवणावरून उठतो, कमरेला टॉवेल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी आपण हे दरवर्षी चर्चमध्ये बघतो. पण त्या कथेत एक वाक्य पाय धुण्याच्या अगदी आधी येतं, ते निसटून जातं: पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, हे येशूला ठाऊक होतं. म्हणजे ज्याच्या हातात सगळी सत्ता आहे तो खाली वाकतो आहे. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला वाकायला सांगणारी ही कथा नाही.

आणि आमच्या संस्थांमध्ये नेमकं उलटं होताना मी पाहिलं आहे. एका संस्थेत, नाव घेत नाही, शिकवणाऱ्या एका बाईंचा पगार तीन महिने थकला होता. त्या विचारायला गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की हे सेवाकार्य आहे, त्याग म्हणून स्वीकारा. सांगणाऱ्याचा स्वतःचा पगार वेळेवर होत होता. 'सेवा' हा शब्द वरून खाली फेकला की त्याचं हत्यार होतं. धर्मशिक्षण देणारे, रुग्णालयातल्या आया, धर्मभगिनी, यांच्या कष्टांवर किती संस्था उभ्या आहेत आणि निर्णयाच्या खोलीत त्यातलं कोण बसतं, हा प्रश्न चांगल्या अभ्यासक्रमात उघडपणे विचारला जातो. तुमच्या अभ्यासक्रमात तो विचारलाच गेला नाही, तर प्राध्यापकाला तुम्ही विचारा.

कोणाचे पाय धुवायचे, याचीही एक यादी असते आणि तीही बदलते. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून व्हॅटिकनने पवित्र गुरुवारच्या विधीचा नियम बदलला. त्याआधी नियमात फक्त पुरुषांचे पाय होते, आता देवाच्या प्रजेतल्या कोणाचेही चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. आपल्या कोकणातलं उदाहरण हवं तर वेंगुर्ल्यात १९१९ साली प्रेस्बिटेरियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) मिशनरी डॉक्टरच्या घरी जन्मलेले रॉबर्ट गोहीन घ्या. पुढे ते अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९६९ साली, दोनशेहून अधिक वर्षं फक्त मुलांचं असलेलं ते कॉलेज पदवीसाठी मुलींना खुलं झालं. नंतर ते भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणूनही आले. वेंगुर्ल्याच्या किती माणसांना हे माहीत आहे? शाळांमधून सांगायला हवं.

शिकायचं कुठे, आणि कागद तपासायचा कसा

अमेरिकेत स्पोकेन शहरातलं जेझुइटांचं गोन्झागा विद्यापीठ या विषयातल्या एम.ए.साठी ओळखलं जातं. व्हर्जिनियातलं रीजंट आणि कॅलिफोर्नियातलं बायोला ही इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट वळणाची. वळण बघून घ्या: जेझुइट ठिकाणी सामाजिक न्याय आणि निर्णयाआधी मनाची पारख यांवर जोर असतो, इव्हँजेलिकल ठिकाणी बायबलच्या वचनांशी थेट सांगड घातली जाते, आणि काही ठिकाणी प्रवेशाआधी श्रद्धेच्या विधानावर सही मागतात. अन्यधर्मीय विद्यार्थ्यांना घेतात का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

भारतात याच नावाची पदवी शोधत बसू नका. जमशेदपूरची एक्सएलआरआय (१९४९) आणि चेन्नईची लिबा (१९७९) या जेझुइट संस्थांत व्यवस्थापन शिकता येतं, आणि त्यात नीतिमूल्यांना जागा आहे. धर्मविचाराच्या अंगाने यायचं तर पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठ आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी आहेत. प्रॉटेस्टंट परंपरेतल्या कितीतरी सेमिनरींच्या पदव्या सेरामपूरच्या सिनेटकडून मिळतात. सेरामपूर म्हणजे बंगालमधलं, इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचं. त्याच केरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं होतं.

पैसे भरण्याआधी एक काम न चुकता करा. विद्यापीठ 'मान्यताप्राप्त' आहे एवढं वाचून थांबू नका. मान्यता कोणी दिली ते विचारा, आणि त्या मान्यता देणाऱ्या मंडळाच्या स्वतःच्या यादीत विद्यापीठाचं नाव शोधा. कोणीही उठून मंडळ काढतो आणि आपल्याच कॉलेजला मान्यता देतो, हा धंदा धर्माच्या नावाखाली जास्त खपतो, कारण विचारणाऱ्याला संकोच वाटतो. दुसरं, परदेशी पदवी इथल्या सरकारी नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणासाठी वापरायची असेल तर तिला समकक्षता लागते. हे काम वर्षानुवर्षं एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघ, करत आला. २०२५ मध्ये यूजीसीने यासाठी नवे नियम आणले. ऑनलाइन घेतलेल्या परदेशी पदवीला यात अडचण येते. माझ्या पदवीचा मला सरकारी उपयोग नाही, हे माहीत असूनच मी ती घेतली. तुमची गरज वेगळी असेल तर अर्ज करण्याआधी लेखी उत्तर मागवा.

पुढे डॉक्टरेटचे दोन रस्ते असतात. पीएच.डी.मध्ये नवं संशोधन, आणि कामकरी माणसांसाठीच्या व्यावसायिक डॉक्टरेटमध्ये स्वतःच्या संस्थेतल्या प्रश्नाचा खोल अभ्यास. शिकवायचं असेल तर पहिला, संस्था चालवायची असेल तर दुसरा.

सात नावं

शेवटच्या प्रकल्पासाठी मी बर्फाचा ठराव घेतला. पहिलं काम होतं एका मोठ्या कागदावर त्या निर्णयाची झळ कोणाकोणाला पोचली त्या सगळ्यांची नावं मांडायचं. मी चेअरमन, संचालक, नाखवे, खलाशी, बर्फ कारखाना, सगळे लिहिले. प्राध्यापकांनी कागद परत पाठवला, शेरा एकच: 'बर्फ वितळल्यावर नुकसान कोणाचं?' तेव्हा कुठे मला दारातल्या टोपल्या दिसल्या. मी चौदा जणींशी बोलले. अख्खी लादी चौघींत वाटून घ्यायची तर चौघींची गाडी एक नसते. मग बाहेरच्या माणसाकडून चढ्या भावाने बर्फ घ्यायचा, किंवा कमी बर्फावर निघायचं आणि दुपारी पडत्या भावात मासळी विकायची. एकजण म्हणाली, "आम्ही सांगितलं असतं, पण विचारलं कोणी?"

त्याच सुमारास वर्गात बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय चालू होता. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, आणि कुरकुर सुरू होते. प्रेषित ती कुरकुर दाबत नाहीत. सगळ्यांना बोलावतात, सात माणसं निवडायला सांगतात आणि वाटप त्यांच्या हाती देतात. स्तेफन, फिलिप्प, निकलाव... सातही नावं ग्रीक आहेत. ही गोष्ट मी लहानपणापासून मिस्सेत ऐकली होती आणि नावांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. ज्यांची तक्रार होती, वाटपाची सूत्रं त्यांच्याच माणसांकडे गेली.

प्रकल्प मी संचालक मंडळापुढे मांडला. दोन सभा नुसता वाद झाला. तिसऱ्या सभेत ठरलं की सकाळी दोन तास पाव लादीची वेगळी खिडकी उघडायची, बोटींच्या भरणीला धक्का न लावता. चुऱ्याचं नुकसान धरून दर थोडा वाढवायचा. तो बायकांनीच सुचवला. सभासदत्वाचा मोठा प्रश्न आहे तिथेच आहे, पोटनियमात अडकलेला, आणि तो सुटेपर्यंत मी या कामाला यश म्हणणार नाही. पण खिडकीच्या गल्ल्याला दोन कुलपं लावली. एक किल्ली कार्यालयात माझ्याकडे. दुसरी, सभासद नसलेल्या, पस्तीस वर्षं पापलेट-बोंबील विकणाऱ्या एका मावशीकडे, त्या चौदा जणींनी निवडलेल्या. दोघी असल्याशिवाय गल्ला उघडत नाही. पहिल्याच महिन्याअखेरी मावशीने वहीवरून बोट फिरवत माझ्या बेरजेतली चाळीस रुपयांची चूक काढली, आणि मी ती तिच्यासमोर दुरुस्त करून सही केली.